पानप्पाचे जुने दुखणे

उमरगा
सोमवार, १३ एप्रिल

प्रिय दादा,

पत्राची सुरुवात पानप्पाच्या वजनाने करते, कारण फोनवर तू सर्वांत आधी तेच विचारतोस. काल दुकान बंद असताना बाबांच्या काट्यावर त्याला तोलले. नेहमीप्रमाणे मोठ्या पितळी पातेल्यात बसवले. शेपटी बाहेर लोंबत राहिली, ती आत्याने दोन बोटांनी उचलून धरली, तर बाबा म्हणाले, "सोड ती शेपटी! तुझ्यासारख्या गिऱ्हाइकांनीच माझं दुकान बुडवायचं ठेवलंय." पातेले वजा जाता सातशे चाळीस ग्रॅम भरला. जानेवारीत पाचशे दहा होता. मागचे पाय आता थरथरत नाहीत. गच्चीवरच्या जास्वंदीवर तो स्वतःच्या बळावर चढतो आणि वरच्या फांदीवर बसून बसस्थानकाकडे असा पाहतो, की जणू त्याची गाडी चुकली आहे.

हे सगळे फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर मी निम्मेच बोलते, उरलेले तू बोलतोस, आणि मग तुझे बोलणे तेच माझेही ठरते. म्हणून पत्र लिहिते आहे. गुरुवारी बाबा माल घ्यायला हैदराबादला येत आहेत, त्यांच्या हाती देईन. उभ्याउभ्या वाचू नकोस.

शनिवारी तू फोनवर म्हणालास, "रणधीरच्या लग्नाला मी येणार नाही, तुम्ही जाऊन या." आणि श्वासही न घेता विचारलेस, "पानप्पा ऊन घेतो ना?" दोन्ही वाक्ये तू एकाच आवाजात उच्चारलीस. आठवीपासून तुम्ही दोघे एका बाकावर बसलात. मामाकडे शिकायला राहिलेला तो नळदुर्गचा मुलगा आठवड्यातून चार दिवस आपल्याच घरी जेवायचा, आणि आई त्याच्या ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकायची. हैदराबादेत चार वर्षे तुम्ही एका खोलीत काढलीत. आणि आता त्याच्या लग्नाची गोष्ट तू एखाद्या परक्या माणसाच्या बारशासारखी बोलून मोकळा झालास. त्या वाक्यावर मी "बरं" म्हणाले. दादा, ते "बरं" मला परत घ्यायचे आहे.

दिवाळीनंतर तू टोपली घेऊन आलास तो दिवस तुला आठवतो का? घरमालकाने "एक तर हा राहील, नाहीतर तुम्ही" असे सांगितल्याने रणधीरचा इग्वाना तू आपल्याकडे आणलास. टोपलीचे झाकण उघडताच आत्या किंचाळली होती, "अगं बया, घोरपड! पोरा, धरून नेतील तुला!" तू नोंदणीचे कागद दाखवलेस, परदेशी जात आहे, पाळायला हरकत नाही, म्हणून सांगितलेस. त्यावर आत्याचा दुसरा प्रश्न आला, "खातंय काय? कोंबडं?" तू म्हणालास, पाला. "निस्ता पाला? अंडंसुद्दा न्हाय?" नाही म्हटल्यावर ती पदर सावरून टोपलीजवळ बसली आणि म्हणाली, "मग ह्यो आपल्यातलाच की रे. शिवा शिवा, उगंच घाबरले." रणधीरने ठेवलेले रॉकी हे नाव त्या संध्याकाळपर्यंतही टिकले नाही. पाने खातो म्हणून पानप्पा. तेव्हापासून रोज सकाळी ती त्याच्यापुढे वाकून कानडीत विचारते, "ऊटा आयतेन?" जेवलास का? जेवलेला नसेल, तर त्याआधी ती स्वतः चहाही घेत नाही. आपल्या घरात जीव उपाशी ठेवून कुणी तोंडात घास घालत नाही, हा तिचा नेम, आणि त्यात शेपटी असलेल्यांना सूट नाही.

त्याच दिवशी तू मला चार छापील पाने दिलीस. रणधीरने कार्यालयातल्या संगणकावर तयार केलेली, इग्वानाची काळजी कशी घ्यावी याविषयीची, सगळी इंग्रजीत. आणि सर्वांसमोर म्हणालास, "मी रणधीरला सांगून आलोय, माझी बहीण तालुक्यात पहिली आलीय. तिच्याइतकं नीट कुणी करणार नाही." मी ती पाने टेबलाच्या खणात ठेवली. त्यांच्याविषयी पुढे लिहिणार आहे. आत्ताच लिहिले तर मला पत्र पुरे करता येणार नाही.

हिवाळ्याचे दोन महिने फार सुखाचे गेले. माझ्या खोलीची दक्षिणेची खिडकी तुला माहीत आहे. दहा वाजल्यापासून काचेतून ऊन थेट टेबलावर येते. पानप्पा खिडकीच्या कट्ट्यावर, मी टेबलाशी एम.ए.ची पुस्तके घेऊन. सकाळी तो अंगाने काळपट असायचा आणि ऊन अंगावर येईल तसतसा हिरवा व्हायचा. मी एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत त्याचा रंग बदललेला असे. तो कधी पुस्तकाच्या कडेला जिभेचे टोक लावून पाही, जणू मजकूर चाखून बघतो आहे. आम्हा दोघांनाही बाहेर जावे लागत नव्हते. तू मला चिडवायचास ना, सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून? मला वाटले, इथे तर कुंपणापर्यंतही जायला नको. ऊन आपणहून आत येते, आणि भाजीही.

त्याच्यासाठी मी वही घातली. तारीख, वजन, आहार, शी, अंघोळ, शेरा. आहाराच्या रकान्यात रोज एकच शब्द: पालक. दहावीच्या विज्ञानाला मला अठ्ठ्याण्णव गुण होते आणि पालेभाज्यांत पालक किती पौष्टिक, हे मी परीक्षेत मुद्देसूद लिहिले होते. बाबा रोज सकाळी ताजी जुडी आणत. आम्ही मेथी खाल्ली, चुका खाल्ला, पालक मात्र पानप्पाचा. माझे अक्षर किती सुरेख येते, हे पाहायला मी ती वही मधूनमधून उगाचच उघडत असे.

एकदा तो शिंकला आणि नाकाभोवती पांढरे काही वाळलेले दिसले. आत्याने ओव्याची पुरचुंडी तयार केली. मग नीट पाहून म्हणाली, "सर्दी न्हाय गं ही. ह्यानं तर विभूती लावली." ते शरीरातले जास्तीचे मीठ होते, हे मला नंतर कळले. इग्वाना ते नाकावाटे टाकतात. आत्याला सांगितले, तर म्हणाली, "मिठाची का हुईना, लावली ना? तू लावतीस का रोज?"

मग जानेवारीचा शेवटचा आठवडा आला. आधी बोटे थरथरू लागली. मग तो कट्ट्यावरून खाली पडला आणि मागचे पाय ओढत कोपऱ्यात गेला. खालचा जबडा हाताला मऊ लागत होता. मी आणि बाबा त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. रांगेत पुढे एक गाभण म्हैस आणि दोन शेळ्या होत्या, आणि सगळी माणसे आमच्या टोपलीकडे पाहत होती. मी टोपलीवरची ओढणी काढली नाही. डॉक्टरांनी त्याला पाहिले, पुण्यातल्या आपल्या एका वर्गमित्राला फोन लावून बराच वेळ बोलले, आणि मग मला विचारले, "खायला काय देता?" मी अभिमानाने वही पुढे केली. त्यांनी पाने उलटली. म्हणाले, "माझ्याकडं येणाऱ्या म्हशींची कुणी एवढी वही ठेवली असती, तर माझं अर्धं काम हलकं झालं असतं." आणि मग हसू थांबवून म्हणाले, "पण ताई, ह्यात पालकाशिवाय काहीच नाही. पालकात असा एक पदार्थ असतो, की तो कॅल्शियम बांधून ठेवतो, अंगी लागू देत नाही. आणि काचेतून आलेलं ऊन ह्याच्या हाडांना उपयोगाचं नाही. उजेड येतो, ऊब येते, जे लागतं ते काचेवरच अडतं. हाडं कच्ची राहिलीत. हे एका दिवसाचं दुखणं नाही, दोन-तीन महिन्यांचं आहे."

दोन-तीन महिने म्हणजे तो आपल्या घरी आला तेव्हापासूनचे. हा हिशेब मला तिथेच, त्या औषधांच्या वासात, उभ्याउभ्या कळला. बाबा तेव्हा बाहेर रिक्षा थांबवायला गेले होते.

संध्याकाळी तुझा फोन आला. तू विचारलेस, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हणाले, "हाडं कच्ची आहेत. दुखणं जुनं आहे म्हणतात." एवढेच. पुढचे वाक्य माझ्या तोंडात तयार होते, पण तू ते मला बोलू दिले नाहीस, किंवा खरे लिहायचे तर तू मध्येच बोललास म्हणून मला फार हायसे वाटले. तू म्हणालास, "जुनं? म्हणजे रणधीरकडचंच. आजारी जनावर आपल्या गळ्यात मारलं त्यानं!" मी काहीच बोलले नाही. मी खोटे बोलले नाही, असे मी त्यानंतर स्वतःला कितीदा सांगितले असेल! चार दिवसांनी कळले, की तू खोली सोडलीस. मग आईने सांगितले, की तू आणि रणधीर एकमेकांशी बोलत नाही. ज्या घरात भाकरीचा तुकडा पडला तरी कुणी ना कुणी विचारतो, त्या घरात या एका गोष्टीविषयी मला कुणी काही विचारले नाही, कारण तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीकडून चूक झाली असेल, हे कुणाच्या मनातच आले नाही.

आता त्या चार पानांविषयी. तू नोव्हेंबरात फोनवर विचारले होतेस, "वाचलंस ना गं?" मी "हो" म्हणाले होते. ते मात्र सरळ खोटे होते. पहिल्या पानाच्या तिसऱ्या ओळीतच मला तीन शब्द अडले. शब्दकोश हाताशी होता. पण एका पाळीव प्राण्याच्या माहितीसाठीही आपल्याला शब्दकोश लागावा, याची मला लाज वाटली, आणि तुला विचारण्याची त्याहून जास्त. म्हणून मी ती पाने बंद केली आणि मनाशी म्हणाले, विज्ञान आपल्याला येते. डॉक्टरांकडून आल्यावर मी खण उघडला. तीन दुपारी शब्दकोश घेऊन बसले. दुसऱ्या पानावर, चौकट आखून, ठळक अक्षरांत रणधीरने लिहिले होते, की पालक देऊ नये. त्याच्याच खाली दुसरी चौकट: काचेआडचे ऊन हे ऊन नव्हे. त्याने सगळे सांगितले होते, दादा. काहीही सांगायचे राहिले नव्हते.

त्या चार पानांचे मी मराठीत भाषांतर केले. ते आता स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारी चिकटवलेले आहे. त्यातूनच मला कळले, की इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याने दिसत नाही, पण वरून सावली आली तर कळते. हे मी आत्याला वाचून दाखवले आणि पंचाईत ओढवून घेतली. "तिसरा डोळा? आणि इतके दिस मला सांगितलं न्हाय?" दुसऱ्या दिवशी ती विभूतीची तीन बोटे घेऊन हजर. मी म्हणाले, आत्या, डोळा झाकला जाईल त्याचा. ती हात तसाच धरून विचारात पडली, मग ती बोटे तिने माझ्या कपाळावर ओढली. "खरं हाय. शिवाचा डोळा झाकू न्हाय. तू घे." तेव्हापासून त्याची सेवा म्हणजे तिची पूजाच झाली आहे. गच्चीवरची जास्वंद आधी गणपतीला, असा दंडक होता. आता पहिले फूल पानप्पाला, दुसरे गणपतीला, आणि गणपतीची यावर काही तक्रार नाही, असे ती खात्रीने सांगते.

ऊन काचेआडचे नको म्हटल्यावर गच्चीवर जाणे आले. मला पहिले काही दिवस फार अवघड गेले. टोपली घेऊन वर गेले, की शेजारच्या गच्चीवरून हरणाबाई हाका मारायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं शिवप्रिया, तू गावातच हायस व्हय? मला वाटलं, पुण्याला गेलीस शिकायला!" पाच वर्षांत भिंतीपलीकडून मी त्यांना दिसले नव्हते. त्याला लसूणघास चालतो, हे त्या पानांवरून कळले होते. हरणाबाईंच्या गोठ्यात तो असतो, म्हणून एके दिवशी धीर करून मूठभर मागितला. "माझ्या म्हशीचा घास तुझ्या सरड्याला? बरं बाई, घेऊन जा. दूध किती देतो त्यो?" मी हसले, आणि मग मलाच आश्चर्य वाटले, की मी उत्तरही दिले: "देत नाही, पण शिंगंही मारत नाही." आता घास, शेवग्याचा पाला, भोपळ्याचा कीस, कधी दोडक्याचे फूल असे त्याचे ताट असते. डॉक्टरांचे औषध महिनाभर चालले. या दिवसांत ऊन कडक, म्हणून सात ते साडेआठ एवढेच आम्ही वर असतो, मग सावली आणि अंगावर पाण्याचा फवारा. महामार्गावरून ट्रक जात असतात, हरणाबाई कुणाच्या तरी सुनेविषयी सांगत असतात, पानप्पा डोळे मिटून पडलेला असतो. मी सुखात आहे, दादा. एवढी एक गोष्ट सोडली, तर पूर्ण सुखात आहे.

परवाच्या शुक्रवारी रणधीर पत्रिका घेऊन आला होता, हे आईने तुला सांगितले. काय घडले, ते तिला माहीत नाही. तो अक्षता आणि पत्रिका देवापुढे ठेवून बाबांच्या पाया पडला. बाबांनी विचारले, "सोमेशला दिली का?" तो म्हणाला, "त्याला पत्रिका कसली द्यायची, काका? घोडा येईल तेव्हा मला त्यावर बसवायला कोण, एवढंच विचारलं मेसेज करून. उत्तर नाही आलं." मग त्याला पानप्पाला पाहायचे होते. मी त्याला गच्चीवर नेले. पानप्पा जास्वंदीवर होता. रणधीरने हात पुढे केला, तर तो सावकाश उतरून त्याच्या मनगटावर येऊन बसला, इतक्या महिन्यांनी! रणधीरने त्याचे मागचे पाय दाबून पाहिले, जबडा पाहिला. मी मनात वाक्य जुळवत होते. अर्धे जुळले होते. तेवढ्यात तो माझ्याकडे न पाहता, अगदी सहज, म्हणाला, "पालक बंद केलास ना?"

दादा, त्याला माहीत होते. डिसेंबरात मी तुला पानप्पाचा जेवतानाचा फोटो पाठवला होता, तो तू त्याला कौतुकाने दाखवलास. त्या ताटलीत त्याने पालक पाहिला. त्याला वाटले, कधीतरी एखाद्या दिवशी दिला असेल, पाने तर तिने वाचली आहेत. मग तू भांडायला उभा राहिलास तेव्हा त्याच्या सगळे लक्षात आले. मी विचारले, "मग तुम्ही दादाला का सांगितलं नाही?" तो म्हणाला, "काय सांगणार? तुझ्या बहिणीनं पानं वाचली नाहीत म्हणून? अगं, तो माझ्याशी बोलला नाही तरी कधीतरी बोलेल. तुला मात्र तो जन्मभर चिडवत बसला असता." आणि हसला. मी त्याला चहा दिला. तोंडातून "माझं चुकलं" एवढेच निघाले, तेही कपाकडे पाहून. जाताना आईने त्याला डब्यात भाकरी बांधून दिल्या. त्याने मोजल्या नाहीत, पण मी पाहिले, तिने तीनच घातल्या होत्या.

म्हणून हे पत्र. तुझ्या मित्राने काहीही चुकीचे केले नव्हते. चूक माझी होती, ती लपवली मी, आणि तिचे ओझे अडीच महिने त्याने वाहिले, तेही मला कळू न देता. काल बाबांनाही सगळे सांगितले. ते बराच वेळ काट्याची पारडी पुसत राहिले, मग म्हणाले, "लिही त्याला. पण ह्या वेळी अर्धं न्हाय, पूर्ण लिही." मी पूर्ण लिहिले आहे. तू माझ्यावर रागाव, मला चिडव, जन्मभर चिडव, मला ते चालेल. पण त्याला फोन करू नकोस, फोनवर तू रडशील आणि तो हसण्यावारी नेईल. लग्न रविवारी सव्वीस तारखेला आहे, हळद शनिवारी. तू शुक्रवारीच हैदराबादहून नीघ. गाडी उमरग्याला थांबेल, तेव्हा उतरू नकोस. आम्ही कुणी न्यायला येणार नाही, आईलाही मी तसे सांगून ठेवले आहे. तसाच पुढे नळदुर्गला, रणधीरकडे जा.

तुझीच,
शिवप्रिया